त्या टोकाला कोण?

साळवेकाका आमच्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं आणि हुद्दा होता ट्रेनी. त्यांची साहेब मी, त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी उभं राहून "नमस्कार मॅडम" म्हटलं आणि मीही इतक्या घाईनं उठले, की समोरचा चहा माझ्याच कीबोर्डवर सांडला. त्यांनी खिशातून चौकोनी घडीचा रुमाल काढला, कीबोर्ड उलटा करून शांतपणे पुसला, एकेक बटण दाबून बघितलं आणि म्हणाले, "लागतंय समदं. फकस्त ह्ये एक जरा आळस करतंय." ते बटण डिलीटचं होतं. पुढंही ते आळस करतच राहिलं, आणि मी ते कधी बदललं नाही.

आमचं ऑफिस बारामतीला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली शेतीच्या औषधांचं दुकान, वर आम्ही सात माणसं आणि खिडकीच्या पत्र्यावर कबुतरं. दुपारी औषधांचा उग्र वास जिन्यानं वर येतो आणि पंखा तो सगळ्यांना सारखा वाटून देतो. खिडकीतून कालव्याकाठच्या झाडांचे शेंडे दिसतात. काकांनी नेमकं त्या खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं. टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: पाण्याची तांब्याची बाटली, लेकीचा जुना लॅपटॉप आणि नारिंगी रंगाचा एक जाडजूड टेलिफोन. त्या टेलिफोनची तार कुठंच गेलेली नव्हती.

काका टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं लाइनमन होते. खांबावर चढून तारेला हा फोन जोडायचा आणि लाइन जिवंत आहे का बघायचं, हे त्यांचं काम. घरोघरचे फोन बंद पडत गेले, तारा उतरल्या, तशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लेकीनं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकले. मुलाखतीत आमच्या मालकांनी विचारलं, "ग्राफ डेटावर काम केलंय का कधी?"

"सायेब, अठ्ठावीस वर्सं तेच केलं की," काका म्हणाले. "ठिपका, तार, ठिपका."

मालक हसले. मी हसले नाही, कारण त्या दिवशी आलेल्या एकाही इंजिनियरला ग्राफ म्हणजे काय ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

खरंच तेवढंच असतं ते. सगळी माहिती छोट्या छोट्या वाक्यांत ठेवायची. सीता ही रामूची आई: सीता एक ठिपका, रामू दुसरा ठिपका, आणि 'आई' ही दोघांमधली तार. अशी हजारो वाक्यं एकत्र आली की ठिपक्यांच्या रांगोळीसारखं एक चित्र तयार होतं. लोकांकडून येणारं हे चित्र घ्यायचं आणि त्यातून डेटाबेसला हुकूम लिहायचे, की हे वाक्य नव्यानं घाल, ते जुनं पुसून टाक. हे हुकूम हातानं लिहीत बसलो तर जन्म जाईल. म्हणून त्यासाठी एक लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचं गाठोडं. इकडून चित्र द्या, तिकडून हुकूम बाहेर. काका तिला 'कारकूनबाई' म्हणायचे. "हुशार हाय, पर सांगितलं तेवढंच करती," असं त्यांचं तिच्याविषयीचं मत होतं.

अडीच ते तीन या वेळात काकांचे डोळे मिटलेले असायचे. पाठ ताठ, हात माउसवर, चेहऱ्यावर देवळातल्या माणसासारखी शांती. मी एकदा जरा साहेबी आवाजात विचारलं, "काका, झोपलात का?"

"न्हाय मॅडम. ठिपकं बघतोय." डोळे मिटलेलेच. "इंदापूर रोडनं एसटीत बसलं की तारा कशा वर जात्यात, खाली येत्यात, पुन्ना वर जात्यात. खांब आला की थांबत्यात वाटतं, पर थांबत न्हाईत. तसं दिसतंय."

मी खिडकीबाहेर बघितलं तर झाडांचे शेंडेही तसेच सावकाश वरखाली होत होते. खाली दुकानदार कुणाला तरी फवारणी समजावत होता, लांबून दौंडच्या गाडीची शिट्टी आली. मीही पाच मिनिटं काही काम केलं नाही. त्या अर्ध्या तासानंतर काका जे कोड लिहायचे त्यात चूक सापडायची नाही, हे मात्र मी पगारवाढीच्या कागदावर लिहिलं होतं.

त्यांची एक सवय सगळ्या ऑफिसला आधी हसवून गेली आणि मग मनाला लागली. घालायचे हुकूम ते गुपचूप चालवायचे. पुसायचा हुकूम आला की मात्र थांबायचे, वाक्य मोठ्यानं वाचायचे, तो नारिंगी फोन कानाला लावायचे आणि विचारायचे, "हॅलो, त्या टोकाला कोण?" क्षणभर ऐकायचे. मग पुसायचे. आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

एकदा जेवताना त्यांनी यामागची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते बावड्याला होते. खांबावरच्या डब्यातल्या दोन मेलेल्या, म्हणजे बंद पडलेल्या, तारा कापायच्या होत्या. त्यांनी बघितल्या आणि कापल्या. तेवढ्यात समोरच्या घरातून एक तात्या बाहेर आले. हातात रिसीव्हर तसाच, वेटोळ्याची तार मागं लोंबतेय. त्यांचा लेक फौजेत होता आणि महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा, तो नेमका आला होता.

"शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं," काका म्हणाले. "तात्यांनी मला एवढंच इचारलं, तो काय म्हनत हुता ते तुमी ऐकलं का?"

काकांनी तार लगेच जोडली, पण फोन पुन्हा आला तो बाराव्या दिवशी. ते बारा दिवस काका कामावर जाताना वाट वाकडी करून तात्यांच्या दारावरून जायचे. तेव्हापासून फोन लावून, तीनदा विचारून, कुणी बोललं नाही तरच पक्कड चालवायची. "खांब बदलला, खातं बदललं, आता तार बी दिसत न्हाय. पर मॅडम, टोकाला माणूस आसतंयच की."

त्यांचं गाव सणसर. पहिल्याच आठवड्यात हे कळलं तेव्हा मी उत्साहानं म्हणाले, "अगंबाई, सणसर तर माझं आजोळ!" ते म्हणाले, "विहिरीवरल्या आप्पांचं घर न्हवं? म्हाईत हाय. आमी वस्तीवरचं." एवढं झाल्यावर आम्ही दोघंही आपापल्या स्क्रीनकडे वळलो. माझ्या आजोळचं घर त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरी कोण कोण असतं हे मी पुढची तीन वर्षं विचारलं नाही. त्याचं आज मला वाईट वाटतं.

मग ते काम आलं. इंदापूरकडच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकाबाईंना एक छान कल्पना सुचली होती. दवाखाने गावोगाव पोहोचण्याआधी लोक घरीच जन्मले. ती बाळंतपणं कुणी केली, कुणाची नाळ कुणी कापली, हे म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवायचं. त्यांच्या विद्यार्थिनी खेडोपाडी फिरून फॉर्म भरणार, आम्ही त्याचा डेटाबेस करणार, आणि कॉलेजात समारंभ करून भिंतीएवढ्या पडद्यावर ते सगळं चित्र दाखवणार. सुईण एक ठिपका, बाळ दुसरा ठिपका, आणि मधल्या तारेचं नाव 'नाळ कापली'.

काकांनी लायब्ररी जोडली. दर सोमवारी विद्यार्थिनींकडून नवं, दुरुस्त केलेलं चित्र यायचं, कारकूनबाई त्याचे हुकूम करायची आणि डेटाबेस अद्ययावत व्हायचा. दोनेक महिन्यांनी प्राध्यापिकाबाई बघायला आल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "सणसरात प्रत्येक बाळाला आठ-आठ सुइणी कशा हो?"

आम्ही बघितलं. खरंच की. गावात बाळांपेक्षा सुइणी जास्त झाल्या होत्या. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके भुरभुरत होते, एकाला एक लागून, आणि एकावरही नाव नव्हतं.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला आणि सापडलं तेव्हा साधं होतं. फॉर्मात बाळाचं नाव होतं, बापाचं होतं, आळीचंसुद्धा होतं. सुईणीच्या नावाची जागा घरोघर रिकामी. फार तर शेऱ्यात लिहिलेलं, 'वस्तीवरची म्हातारी'. आता नाव नसलेला ठिपका आला की लायब्ररीला तो आधीचाच आहे हे कसं कळणार? ती दर वेळी नवा ठिपका घालायची. दर सोमवारी तेच चित्र, आणि दर सोमवारी गावात बिननावाच्या बायकांची नवी तुकडी जन्माला यायची.

"सोपं आहे," मी म्हणाले. समारंभ तीन आठवड्यांवर आला होता आणि माझं डोकं तापलं होतं. "नाव नसलेल्या सगळ्या सुइणी एका हुकमात पुसून टाकू. एका ओळीचं काम."

काका फोनकडे बघत बसले. फोन उचलला नाही.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "त्यातली माझी आई आसंल."

पंखा फिरत होता.

"सणसराच्या फारमात 'वस्तीवरची म्हातारी' वाचतोय दोन महिने," काका म्हणाले. "वस्तीवर ह्ये काम तीच करायची. सोनाबाई. वाटलं हुतं, एकांद्या तरी घरातनं नाव येईल. म्हनून बोललो न्हाय. आपल्या आईचं नाव आपनच कसं घालायचं?"

"काका, तुम्हाला माहीत आहे ना? मग घाला की. सगळ्या त्याच."

"न्हाय न्हाय. समद्या कशा आसतील? शेजारच्या गावची बी एक यायची म्हनं. दुसरीचं काम माझ्या आईच्या नावावर घालू व्हय? ह्या टोकाला इचारलं, त्यास्नी नाव ठावं न्हाय. आता त्या टोकाला इचारतो. ती हाय अजून. पर इसरायला लागलीया. मला पंधरा दिवस द्या."

मी दिले. मालकांना काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी मी स्कूटर काढून सणसरला गेले. काम कुठवर आलं हे बघायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि वारा नव्हता, तरी आतून कसलीशी सळसळ येत होती. मामाच्या घराकडं वळणारा रस्ता सोडून मी पहिल्यांदा पुढं गेले. वस्तीवर चांगली सिमेंटची घरं. साळवेकाकांच्या ओट्यावर बाज टाकलेली, आत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, आणि बाजेवर सोनाबाई. काकांच्या मानानं एवढीशी. शालीच्या दशा बोटांनी एकेक पुढं सरकवत, डोळे मिटून ती नावं म्हणत होती आणि काका मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहीत होते.

"देवळाम्होरच्या आळीत, पांडुरंगाची सुमन. तिच्या पाठची इंदू. मग जुळी, एक ऱ्हायला, दत्तू. वड्याकडंला, काशीचा भानुदास, लई रडका..."

काका हळू आवाजात मला म्हणाले, "धम्म घेतला तवा आमच्या मान्सांनी ठरवलं, गावकीची कामं बंद. शिळं आणायचं न्हाय, मागायचं न्हाय. पर बाई अडली की हिला ऱ्हावायचं न्हाय, जायची. भाकरी, धान्य, लुगडं, काय दिलं तरी घ्यायची न्हाय. म्हनायची, मला भाकरी नगं, बारशाला पोराचं नाव काय ठिवलं तेवढं सांगाया या. कोन येतंय? मग हीच जायची. आंगणात हुबं राहून नाव इचारायची आन परत यायची."

दशा सरकत होत्या. मी ओट्याच्या कडेला बसले. दुपार इतकी स्तब्ध होती की त्या नावांखेरीज जगात दुसरं काही चाललंय असं वाटेना. ती आळीआळीनं जात होती, कुणाच्या दारात थांबल्यासारखी थांबत होती आणि पुढं निघत होती. मध्येच एखादं नाव हाती लागत नसे. मग बोटं तिथंच घोटाळायची, काका बोलायचे नाहीत, आणि ते नाव सोडून ती पुढच्या दशेवर जायची. त्या रिकाम्या जागा काकाही रिकाम्याच सोडत होते.

"विहिरीवरल्या आप्पांची शालन," सोनाबाई म्हणाली. "पायाळू हुती. पाय आदी आलं. समद्यास्नी वाटलं गेली. म्या म्हनलं, दम धरा."

शालन म्हणजे माझी आई. आमची आई पायाळू, हे अख्ख्या गल्लीला माहीत. कुणाची पाठ धरली की माणसं आईकडं यायची, पालथी पडायची आणि आई लाजत लाजत पाठीला पाय लावायची. लहानपणी आम्ही त्या गोष्टीवर किती हसलोय. ते पाय या बाईच्या हातांनी धरून जगात आणले होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कधी कुणाला विचारलं होतं?

घरी येऊन मामाला फोन लावला. मामा आईहून आठ वर्षांनी मोठा, सणसरातच असतो. त्याच्याकडच्या फॉर्मातही ती जागा रिकामीच होती.

"मामा, आई जन्मली तेव्हा सुईण कोण होती?"

"व्हती की. मीच बोलवाया गेल्तो पळत. वस्तीवरची म्हातारी."

"म्हातारी कसली मामा? ती तेव्हा पंचविशीची असेल."

मामा म्हणाला, "व्हय की गं. पोरगीच व्हती. पर आमी म्हातारीच म्हनायचो."

"नाव काय तिचं?"

"नाव कोन इचारतंय, पोरी? ती मागल्या दारानं यायची, मागल्या दारानं जायची." आणि मग एकदम, "ठेव. मी सांगतो तुला."

संध्याकाळी दिवेलागणीला त्याचा फोन आला. "सोनाबाई. सोनाबाई साळवे. ल्ही फारमात."

"कुणाला विचारलंस?"

"तिलाच. दारात जाऊन." तो म्हणाला. "तिनं मला वळखलं न्हाय. पर नाव सांगितलं तर म्हनली, शालनचा भाव न्हवं का तू, बोलवाया आल्तास."

सोमवारी सकाळी काकांनी काम सुरू केलं. बिननावाचा ठिपका त्याच्या नावानं पुसता येत नाही, कारण नावच नाही. लायब्ररीला त्याची ओळख सांगावी लागते: भानुदासची नाळ जिनं कापली आणि जिचं नाव लिहिलेलं नाही, ती. काकांनी आईनं म्हटलेली नावं एका बाजूला ठेवली, फॉर्मातली दुसऱ्या बाजूला. जिथं दोन्ही टोकं जुळली तिथंच हुकूम: बिननावाचा ठिपका पुस, तार सोनाबाईला जोड. सगळे एकदम चालवता आले असते. काका एकेक चालवत होते. वाक्य वाचायचं, फोन कानाला लावायचा, "त्या टोकाला कोण?" आणि या वेळी स्वतःच उत्तर द्यायचं, "सोनाबाई." मग एंटर.

दुपार झाली तरी कुणी हसलं नाही. पडद्यावर भुरभुरणारे पांढरे ठिपके एकेक करून विझत होते, आणि त्यांच्या तारा लांब होत होत मधल्या एका ठिपक्याकडं येत होत्या. सुमनची तार आली, इंदूची आली. माझ्या आईची आली तेव्हा मी उठून खिडकीशी गेले. अडीच वाजले, तीन वाजले. काकांनी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

शेवटी काही ठिपके तसेच राहिले. ते सोनाबाईच्या नावांत नव्हते. कदाचित शेजारगावच्या त्या दुसऱ्या बाईचे असतील, कदाचित सोनाबाई विसरली त्यांतले. मी म्हणाले, "हे तरी पुसायचे का?"

"नगं," काका म्हणाले. "कुनाच्या तरी आया हायत्या." त्यांनी अशा प्रत्येक बाळामागं सुईणीचा एकच कायमचा ठिपका केला, त्यावर 'नाव विचारायचं आहे' असं लिहिलं आणि लायब्ररीत बदल केला, की या ठिपक्यांच्या पुन्हा नकला काढू नकोस. कारकूनबाईनं निमूट ऐकलं.

समारंभ झाला. पडदा उजळला तेव्हा सभागृहात मागं बसलेल्या बायका उठून पुढं आल्या आणि आपापला ठिपका शोधू लागल्या. माझी आईही होती. तिनं स्वतःचं नाव शोधलं, तिथून बोट तारेवरून सरकवत मधल्या नावाशी नेलं, आणि तिथं बोट ठेवून उभी राहिली. सोनाबाईला आणता आलं नाही. त्या आठवड्यात ती घराच्या ओट्यावरूनही वाट चुकायला लागली होती. महिनाअखेरीस काकांनी राजीनामा दिला. "तिच्याजवळ कुनी तरी लागतंय," एवढंच कारण त्यांनी लिहिलं. टेबल रिकामं करून गेले आणि नारिंगी फोन मात्र विसरले.

तो परत द्यायला मी सणसरला गेले, ती त्यांची माझी शेवटची भेट. उसाला तुरे आले होते आणि ऊन मऊ झालं होतं. ओट्यावर तीच बाज. सोनाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं पाहून म्हणाली, "पावनं, बसा की. च्या घ्या."

काका तिला म्हणाले, "घेतो आई." आणि माझ्याकडं बघून हसले. "चार दिस झालं, म्या पावना हाय."

मला रडू येत होतं, म्हणून मी कामाचं बोलले. "काका, एक राहिलंय. तुम्ही स्वतः चित्रात नाही. तुमचा फॉर्म कुणी भरलाच नाही."

"माझा कोन भरनार?"

"आत्ता भरू."

काकांनी लॅपटॉप उघडला. स्वतःचं नाव, उत्तम साळवे, एवढं लिहिलं. पुढची जागा रिकामी ठेवून आईकडं सरकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आई, उत्तमची नाळ कुनी कापली?"

शालीच्या दशांवरची बोटं थांबली. "उत्तम?" ती एकदम हसली. तोंडात दात नव्हते. "त्यो माझाच की. घरात कुनी न्हवतं. माझी मीच मोकळी झाली, माझी मीच नाळ कापली. लई गुनाचा हाय. टेलिफोनच्या खांबावर चढतो." मग काळजीनं काकांना म्हणाली, "तुमाला कुठं घावला तर म्हनावं, आई वाट बघती."

काकांनी मान हलवली. मी पिशवीतून फोन काढून बाजेवर ठेवला. तो बघून सोनाबाईनंच उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि कानाला लावून बसली. काकांनी वाक्य लिहून पूर्ण केलं. हे घालायचं वाक्य होतं, पुसायचं नव्हे, विचारायची काही गरज नव्हती. तरी एंटरवर बोट ठेवून ते थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हॅलो, त्या टोकाला कोण?"

म्हातारीनं फोन कानाशी घट्ट दाबला. लांबचं ऐकू यावं म्हणून डोळे बारीक केले.

"म्या सोनाबाई," ती म्हणाली. "बोला."